जाड्या-रड्याला रविवारी सकाळी पाठवू नका : फिल्म क्लबच्या निवड समितीस खुलं पत्र

प्रति,
निवड समितीचे सर्व सदस्य

स. न. वि. वि.

नोव्हेंबरात होणाऱ्या ‘लढाईहून परतताना’ या तीन दिवसांच्या कार्यक्रमासाठी सभासदांनी सिनेमे सुचवावेत, असं पत्रक तुम्ही वाटलं होतं. मी एकच नाव लिहून दिलं : ‘ब्लॉकहेड्स’, १९३८, लॉरेल आणि हार्डी. गेल्या आठवड्यात तुमचं उत्तर आलं. भाषा सभ्य, अक्षर सुरेख. चित्रपट निखळ करमणुकीचा आहे, विषयाच्या गांभीर्याशी जुळत नाही, रविवारी सकाळी बालविभागात घेता येतो का ते पाहू, असा मजकूर. मी तो घरात मोठ्यानं वाचला. आमची ही पोळ्या लाटता लाटता म्हणाली, “मग तुम्हीपण जाऊन बसा की पोरांत.”

उत्तर मला एकट्याला आलं, तरी हे पत्र मी सगळ्या सभासदांपुढे ठेवतोय. क्लबाबाहेरच्या चहाच्या टपरीवर विषय निघाला तेव्हा चौघं-पाचजण म्हणाले, “सुभेदार, जाड्या-रड्या आम्हालापण बघायचेत, पण तसं समितीला सांगायला लाज वाटते.” ही लाज कुठून आली त्याचा विचार तुम्ही करा. मी माझ्यापुरतं लिहितो.

मराठा लाइट इन्फंट्रीत २८ वर्षं काढून मी पेन्शनीत आलो. सिनेमातलं मला फार कळतं असा दावा नाही. तुमच्यातले दोघं-तिघं पुण्याला जाऊन रसास्वादाचा कोर्स करून आलेत, त्यांचं बोलणं मी मागच्या रांगेत बसून ऐकतो आणि घरी जाऊन अर्धं विसरतो. पण संतरी ड्यूटी मला कळते. आणि संतरी ड्यूटीवर ‘ब्लॉकहेड्स’सारखा खरा सिनेमा मी दुसरा पाहिलेला नाही.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सुरुवात सांगतो. १९१७ साल, फ्रान्समधला खंदक. पलटण हल्ल्यासाठी वर चढणार आहे. एकानं मागं थांबून खंदक राखायचा, असा हुकूम रड्याला, म्हणजे स्टॅन लॉरेलला मिळतो. जाड्या, म्हणजे ऑलिव्हर हार्डी, त्याचा निरोप घेऊन बाकीच्यांबरोबर निघतो. धूर, तोफा, धावपळ. ११ नोव्हेंबर १९१८ ला लढाई थांबते. जग रस्त्यावर येऊन नाचतं. रड्याला सांगायला मात्र कुणी येत नाही. मग पडद्यावर १९३८ साल उगवतं आणि हा बाबा अजून येरझाऱ्या घालतोय. खांद्यावर तीच रायफल, त्याच जागी तेच पीछे मूड. चालून चालून जमिनीत चर पडलाय. भूक लागते तेव्हा तो बीन्सचा डबा उघडतो, खातो आणि रिकामा डबा फेकून देतो. डबा जिथं पडतो तिथं डब्यांचा डोंगर उभा आहे.

बस्स. खुलासा नाही, हुंदका नाही, मागून व्हायोलिन नाही. वीस वर्षं एका ढिगात मोजून दिली. तुम्ही मागे एक शब्द शिकवला होता, ‘दृश्यभाषा’. तो मला त्या ढिगापाशी पहिल्यांदा समजला.

लोक इथं हसतात ते रड्या मठ्ठ आहे म्हणून. आम्ही फौजी लोकही हसतो, पण जरा दचकून. कारण त्याची चूक काय, हे आम्हाला सापडत नाही. बेळगावला रिक्रूट असताना पहिल्या महिन्यात डोक्यात ठोकून बसवतात : बगैर बदली, म्हणजे आपली जागा घ्यायला दुसरा संतरी आल्याशिवाय, पोस्ट सोडायची नाही. ज्यानं उभं केलं त्यानंच उतरवायचं. रड्यानं यातलं एक अक्षर मोडलेलं नाही. हुकूम देणारा कप्तान पुढे त्याची बदली करायला कधीच फिरकत नाही, आणि प्रेक्षकांतल्या कुणालाही तो आठवत नाही. मलाही तिसऱ्यांदा पाहताना आठवला.

माझ्या बाबतीत हे वीस वर्षं नाही, दोन तास झालं होतं. एका दारूगोळा डेपोवर, थंडीचे दिवस, रात्री दोन ते चार माझी पाळी. चार वाजले. साडेचार वाजले. गार्ड कमांडरला झोप लागली होती आणि माझी बदली त्याच्याच शेजारी पांघरुणात. मी सहापर्यंत उभा. पायांची बोटं आहेत की गेली ते कळेना. सकाळी साहेबांनी मलाच विचारलं, “आवाज का नाही दिलास?” मी म्हणालो, “सर, पोस्टवरून ओरडायचा हुकूम नव्हता.” अख्खी कंपनी आठवडाभर हसत होती. मीही हसलो. दुसरं काय करणार?

आता तुमच्या ‘गांभीर्या’कडे येतो.

रड्या शेवटी एक विमान शत्रूचं समजून पाडतो, आणि त्या वैमानिकाकडून त्याला लढाई संपल्याचं कळतं. पेपरात फोटो येतो. जाड्याचं लग्न होऊन वर्ष झालंय, आज वाढदिवस आहे लग्नाचा. पेपर बघून आधी तो म्हणतो, इतकं मूर्ख कुणी असू शकेल का? मग फोटो नीट बघतो आणि त्याला पटतं की असू शकेल. तो मित्राला भेटायला माजी सैनिकांच्या आश्रमात जातो. तिथं रड्या एका चाकाच्या खुर्चीत एक पाय दुमडून आरामात बसलाय. खुर्ची दुसऱ्याची आहे. जाड्याला दिसतो तो एकच पाय. त्याचा चेहरा पाहा हो त्या वेळचा. इतकी वर्षं चौकशीसुद्धा न केल्याचं सगळं ओझं त्या फुगऱ्या चेहऱ्यावर उतरतं. तो रड्याला आपल्या घरी चल म्हणतो, घरचं जेवण देतो म्हणतो, खुर्ची परत द्यावी लागली तर त्याला चक्क उचलून घेतो आणि चालू लागतो. रड्याही तक्रार करत नाही. कुणी उचलून नेत असेल तर नाही कशाला म्हणा!

मग दोघं आपटतात, आणि जाड्याला दोन्ही पाय दिसतात. तो भडकतो. तुला दोन पाय आहेत हे आधी का नाही सांगितलंस? रड्या म्हणतो, तू विचारलंस कुठं?

समितीतल्या मंडळींनी या जागी जरा थांबावं. मित्र धडधाकट आहे हे कळल्यावर माणसाला आनंद व्हायला हवा. जाड्याला राग येतो. त्याची सगळी माया त्या नसलेल्या पायासाठी होती. पाय सापडला तशी माया गेली, आणि उरला तो एक नकोसा पाहुणा.

मी गावी पेन्शनीवर आलो तेव्हा पहिले पंधरा दिवस रोज कुणीतरी विचारायचं, “मेजर, गोळी लागली का कधी?” (आमच्याकडे फौजेतून आलेला प्रत्येकजण मेजर असतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे.) नाही म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडायचा. एकानं तर माझ्या पायांकडे नजर टाकून “म्हणजे सगळं व्यवस्थितच म्हणायचं,” असं जवळजवळ तक्रारीच्या सुरात म्हटलं. तेव्हा मी ‘ब्लॉकहेड्स’ पाहिला नव्हता. पुढे मुलानं लॅपटॉपवर लावून दिला आणि त्या खुर्चीच्या प्रसंगाला मी एवढा हसलो की ही आतून धावत आली, काय झालं म्हणून.

तुम्ही ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज’ ठेवलाय, त्याचा मला आनंद आहे. १९४६ चा तो सिनेमा मोठाच आहे. त्यात दोन्ही हात गमावलेल्या खलाशाची भूमिका हॅरल्ड रसेलनं केली. लष्करी प्रशिक्षणात स्फोट होऊन त्याचे हात खरोखर गेले होते, आणि त्या एका भूमिकेसाठी त्याला दोन ऑस्कर मिळाले. तो पाहून बाहेर पडणारा माणूस डोळे पुसतच बाहेर पडेल, आणि पडावंच. पण ज्याचे हातपाय शाबूत आहेत, जो फक्त वीस वर्षं मागे राहिलाय, त्याच्यासाठी डोळ्यांत पाणी कुठून आणणार? त्याच्यावर गंभीर सिनेमा काढला तर तो कंटाळवाणा होईल. त्याला रड्याच लागतो.

आमच्या घरातली एक गोष्ट सांगतो, मग पुढे जातो. माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आताच्या इराकमध्ये, होते. आमच्या भागात ‘बसऱ्याची लढाई’ म्हणतात ती. कूटच्या वेढ्यात सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर मराठ्यांच्या पलटणी अडकल्या, घोडे कापून खायची वेळ आली, आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. पुढची वर्षं पणजोबा तुर्कांच्या कैदेत. पत्र नाही, खबर नाही. घरच्यांनी वाट पाहून पाहून शेवटी दिवस घातले. १९१९ मध्ये पणजोबा संध्याकाळच्या वेळी, दाढी वाढलेले, वेशीतून आत आले, तर पाणवठ्यावरच्या बाया घागरी टाकून ‘भूत, भूत’ करत पळाल्या. चुलत्यानं दार लावून घेतलं आणि आतून अंगारा फेकला, तो नेमका त्यांच्या डोळ्यांत गेला. तीन वर्षं तुर्कांनी डोळे शाबूत ठेवले आणि घरच्यांनी ते घालवायची वेळ आणली, असं ते स्वतः सांगायचे म्हणे. ही गोष्ट आमच्याकडे प्रत्येक लग्नात सांगितली जाते आणि प्रत्येक वेळी लोक पोट धरून हसतात. कैदेत काय झालं, ते त्यांनी कधी सांगितल्याचं कुणाला माहीत नाही. आमच्यापर्यंत पोचला तो फक्त अंगारा.

‘एवढं कुठं असतं का?’ अशी शंका तुमच्यातले एक सदस्य टपरीवर बोलून दाखवत होते. वीस वर्षं कुणाला कळणार नाही, हे पटत नाही म्हणाले. साहेब, १९७२ मध्ये ग्वाम बेटावर शोइची योकोई हा जपानी सैनिक सापडला, लढाई संपून २६ वर्षं उलटली होती. १९७४ मध्ये फिलिपिन्सच्या लुबांग बेटावर हिरो ओनोदा सापडला. त्याला लढाई संपल्याची पत्रकं मिळाली होती, पण तो ती शत्रूची चाल समजला. सापडल्यावरही तो यायला तयार नव्हता, वरिष्ठाचा हुकूम पाहिजे म्हणाला. तेव्हा त्याचे जुने मेजर तानिगुची, जे एव्हाना पुस्तकविक्रेते झाले होते, त्यांना बेटावर नेऊन हुकूम वाचायला लावला. मग त्यानं शस्त्र खाली ठेवलं. म्हणजे रड्याची बदली करायला कप्तान आला, पण ३६ वर्षं उशिरा आणि भलत्याच देशात. अर्थात लुबांगच्या गावकऱ्यांना यात हसण्यासारखं काही नव्हतं, त्यांची माणसं मेली होती. रड्याच्या बंदुकीनं फक्त एक विमान पडतं.

ही कल्पनाही हवेतून आलेली नाही. पटकथा लिहिणाऱ्यांत हॅरी लँग्डन होता, मूकपटांच्या काळातला मोठा विनोदी नट. १९२६ च्या ‘सोल्जर मॅन’मध्ये लढाई संपल्याचं न कळलेला सैनिक त्यानं स्वतः उभा केला होता. आणि १९३८ मध्ये अमेरिकेतल्या थिएटरांत हे बघायला कोण बसलं असेल, याचाही विचार करा. सहाच वर्षांपूर्वी, १९३२ च्या उन्हाळ्यात, पहिल्या महायुद्धातले हजारो माजी सैनिक आपला बोनस मागायला वॉशिंग्टनमध्ये तळ ठोकून बसले होते. १९२४ च्या कायद्यानं मंजूर झालेला पैसा त्यांना १९४५ मध्ये मिळायचा होता. सरकारनं त्यांच्यावर फौजच सोडली, झोपड्या जळाल्या. मॅकआर्थर तेव्हा लष्करप्रमुख होता. पैसे १९३६ मध्ये एकदाचे हातात आले. अशा लोकांसमोर वीस वर्षं विसरला गेलेला शिपाई आणला, आणि त्यांना हसवलं. यापुढे तुमचा ‘निखळ’ हा शब्द ठेवून बघा.

आता तुमच्या बाजूनं जे बोलता येईल तेही बोलतो, नाहीतर म्हणाल सुभेदार एकतर्फी.

सिनेमाचा उत्तरार्ध लढाईबद्दल नाही. तेरा मजले जिन्यानं चढणं, जिन्यात जेम्स फिनलेसन या नटाबरोबर भांडण, पोराचा फुटबॉल, मग जाड्याची चिडकी बायको, तिनं स्वयंपाकाला नकार देऊन निघून जाणं, गॅसचा भडका, शेजारीण पेटीत लपवणं आणि तिचा शिकारी नवरा बंदूक घेऊन मागं. यातलं बरंचसं त्यांच्याच १९२९ च्या पहिल्या बोलपटातून उचललंय, आणि शेवटची गंमतही त्यांच्याच जुन्या मूकपटातली. बायकांना त्यात दोनच कामं : ओरडणं आणि लपणं. हिला ते आवडलं नाही. मिसेस हार्डीची बाजू कुणी ऐकूनच घेत नाही म्हणाली. लग्नाच्या वाढदिवसाला नवरा कुणालातरी उचलून आणतो आणि वर म्हणतो जेवण वाढ.

पण मधे बारीकसारीक जागा अशा आहेत की त्यांच्यासाठी जिने चढावेत. रड्या मुठीची चिलीम करतो, तंबाखू भरतो, ओढतो, धूर निघतो. जिन्यावर भिंतीवर पडलेली खिडकीच्या पडद्याची सावली असते, ती तो हातानं खाली ओढतो, आणि ती येते. खिशातून पाण्यानं भरलेला पेला काढतो. बर्फ का नाही, असं विचारलं तर तो दुसऱ्या खिशातून. वीस वर्षं एकटा राहिलेल्या माणसाला स्वतःचंच सगळं जमवायची सवय लागते, त्यातला हा प्रकार असावा, असं माझं मत. पुण्याच्या कोर्सात हे सांगतात की नाही कोण जाणे.

आणि गॅसचा भडका म्हणाल, तर तो आमच्याही घरात झालाय, फक्त गॅसविना. पेन्शनीत आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी फ्रिजवर ड्यूटी चार्ट लावला. दूध सहाशे वाजता, झाडलोट साडेसहा, भाजी आठ. स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले, तीन रांगांत. दुसऱ्या दिवशी हळदीच्या जागी बेसन गेलं. तिसऱ्या दिवशी हिनं चार्टवर स्वतःच्या नावापुढे ‘सुट्टी, दहा दिवस’ असं लिहिलं आणि माहेरी गेली. मी दहा दिवस काय खाल्लं ते विचारू नका. डब्यांचा ढीग लहान होता एवढंच.

तर सिनेमाचा पहिला अर्धा तास खंदकातून घरी येण्याचा आणि दुसरा अर्धा तास घरात न मावण्याचा. मला तो एकच सिनेमा वाटतो. तुम्हाला दोन वाटत असतील तर चर्चेच्या वेळी बोलू, माईक मागच्या रांगेपर्यंत येऊ द्या म्हणजे झालं.

मागणी अशी आहे. सिनेमा जेमतेम तासाभराचा. ‘बेस्ट इयर्स’ पावणेतीन तासांच्या पुढे जातो. शनिवारी संध्याकाळी आधी ‘ब्लॉकहेड्स’, मग चहा, मग तो, असं केलं तरी साडेदहापर्यंत लोक घरी पोचतात. हॉलच्या जादा तासाचं भाडं मी भरतो. रविवारी सकाळी पोरांनाही जरूर दाखवा, त्यांनी का म्हणून वंचित राहावं? पण फक्त पोरांना नको. तालुक्यातल्या माजी सैनिकांना मी स्वतः निरोप देतो. वीस-पंचवीसजण सहज येतील, त्यातले निम्मे आता बँकांच्या दारांवर गार्ड आहेत, त्यांना शनिवारची संध्याकाळच सोयीची. मराठी उपशीर्षकांची गरज नाही. जाड्या-रड्याला आमच्याकडे कधीच लागली नाहीत.

दारावर पास तपासायलाही माणूस लागेल, तुमचा मागच्या वेळचा पोरगा मधेच आत जाऊन बसला होता. मी उभा राहतो, ती माझी सवयीची जागा आहे. फक्त दिवे मालवले की समितीपैकी कुणीतरी आठवणीनं बाहेर येऊन मला सांगा.

कळावे,
आपला,
क्लबचा एक वर्गणीदार सभासद
(सुभेदार, निवृत्त)
जि. सातारा